पाहिलेलीच मालिका पुन्हा पाहावीशी का वाटते?

एखादी मालिका संपूर्ण पाहून झालेली असते. कोणता प्रसंग कुठे येतो, कोणत्या वाक्याला हसू फुटते, शेवटी कोणाचे काय होते, हे सारे ठाऊक असते. तरीही दिवसभराच्या धावपळीनंतर घरी आलेला माणूस नवे काही पाहण्याऐवजी पुन्हा तीच मालिका लावतो. निवडीसाठी शेकडो वाहिन्या आणि हजारो मालिका हाताशी आल्या, तरी ही सवय कमी झालेली नाही. अमेरिकेत 'नील्सन' या मापन संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये इंटरनेटवरून सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका होती 'सूट्स'. तिचा अखेरचा भाग २०१९ मध्येच प्रसारित झाला होता. तरीही त्या एका वर्षात प्रेक्षकांनी तिच्यावर ५,७७० कोटी मिनिटे खर्च केली. त्यात नवे प्रेक्षक होते, तसे जुनेही होते.

मराठी माणसाला या सवयीचे नवल वाटू नये. एकच ग्रंथ पुनःपुन्हा वाचण्याला आपल्याकडे 'पारायण' हा स्वतंत्र शब्द आहे. तोच शब्द आज आवडत्या चित्रपटासाठी आणि मालिकेसाठीही सहज वापरला जातो. पारायण करणारा ग्रंथात पुढे काय घडते हे शोधायला बसलेला नसतो. ते त्याला माहीतच असते. मग तो काय मिळवतो? पाहिलेली मालिका पुन्हा पाहणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत जितके सापडते, तितकेच पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातही सापडते.

पुणेकराला शिरूर ठाऊक असते ते नगर रस्त्यावरचे गाव म्हणून आणि दौंड ठाऊक असते ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. घोड नदीच्या काठचे शिरूर आजही अनेकांच्या तोंडी 'घोडनदी' आहे. दौंड भीमेकाठी वसले आहे. या दोन तालुक्यांत कथा पुनःपुन्हा ऐकण्या-पाहण्याच्या किती तरी परंपरा शेजारी शेजारी नांदतात. २०२० मध्ये त्यांतल्या बहुतेक एकाच वेळी थांबल्या आणि उरला तो घरातला दूरचित्रवाणी संच.

मार्च २०२०

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० च्या मध्यास मालिकांचे चित्रीकरण थांबले. वाहिन्यांकडे दाखवायला नवे भाग उरले नाहीत. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका रोज सकाळी आणि रात्री पुन्हा दाखवायला सुरुवात केली. 'महाभारत'ही त्याच दिवसापासून डीडी भारतीवर परतले. 'रामायण' मुळात जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी प्रसारित झाले होते. बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वीची मालिका, तिचे तांत्रिक दोष आजच्या डोळ्यांना सहज दिसणारे, आणि कथा तर घराघरात पाठ. तरी १६ एप्रिल २०२० रोजी ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी ती पाहिल्याचा दावा दूरदर्शनने केला. हा जागतिक विक्रम आहे की नाही यावर पुढे वाद झाला. परंतु लोकांनी ही मालिका मोठ्या संख्येने पाहिली याविषयी वाद नव्हता.

मराठी वाहिन्यांनीही हाच मार्ग धरला. 'स्टार प्रवाह'ने २००८ मध्ये सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' पुन्हा दाखवली. 'झी मराठी'ने 'स्वराज्यरक्षक संभाजी' पुन्हा सुरू केली. ही दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय म्हटली पाहिजे, कारण ती मालिका जुनी नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू होऊन ती २९ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या जेमतेम महिनाभर आधी संपली होती. तिच्या बाबतीत गेलेल्या काळाची ओढ, ज्याला स्मरणरंजन म्हणतात, हे कारण पुरेसे ठरत नाही. महिनाभरापूर्वी संपलेल्या गोष्टीचे स्मरणरंजन कसे होईल?

शेवट ठाऊक असलेली कथा

शिरूर तालुक्यापुरते बोलायचे तर या मालिकेचा शेवट प्रेक्षकांना केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. तो त्यांच्या भूगोलाचा भाग होता. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी याच तालुक्यात, भीमाकाठी वढू बुद्रुक येथे आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे कैद झालेल्या महाराजांची ११ मार्च १६८९ रोजी हत्या झाली. दरवर्षी फाल्गुन अमावास्येला त्यांच्या बलिदानाचे स्मरण करण्यासाठी वढूला लोक जमतात. २०२० साली ही तिथी २४ मार्चला आली. राज्यात संचारबंदी नुकतीच लागू झाली होती आणि त्याच रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. शेकडो वर्षांचे दुःख एकत्र येऊन आठवण्याचा दिवस असा प्रत्येकाला आपापल्या घरी काढावा लागला.

त्यानंतर तीच कथा पडद्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मालिकेत संभाजीराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे हे मे २०१९ मध्ये शिरूर लोकसभा मतदारसंघातून खासदार म्हणून निवडून आले होते आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. राजकीय यशाची कारणे अनेक असतात. तरीही पडद्यावरचा राजा आणि मतदारसंघाचा प्रतिनिधी एकच असण्याचा हा योग वेगळाच. येथील प्रेक्षकाला कथेचा शेवट माहीत होता, त्या शेवटाची जागा माहीत होती आणि पडद्यावरचा चेहराही ओळखीचा होता.

दिलासा देणारी मालिका म्हणजे हलकीफुलकी, हसवणारी मालिका असा एक समज आहे. 'स्वराज्यरक्षक संभाजी'ची कथा त्यात बसत नाही. तिचा शेवट छळाचा आणि मृत्यूचा आहे. मग तिच्यातून दिलासा कसा मिळतो? उत्तर असे की, दिलासा कथेच्या सुखद असण्यात नसून ती ठाऊक असण्यात आहे. ज्या दुःखाची वेळ माहीत आहे त्याला माणूस सामोरा जाऊ शकतो. त्याची तयारी झालेली असते. मार्च २०२० मध्ये घराबाहेर जी कथा चालू होती तिचा पुढचा भाग कोणालाच माहीत नव्हता. रोग नवा होता, औषध नव्हते, पगाराची आणि गावी परतण्याची शाश्वती नव्हती. अशा दिवसांत पडद्यावरची कथा दुःखद का असेना, ती कुठे जाऊन थांबणार हे निश्चित होते. खरी गरज होती ती या खात्रीची.

आख्यान, वग आणि वन्स मोअर

दूरचित्रवाणीने ही गरज निर्माण केली नाही. तिने ती फक्त पुढे चालवली. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना उत्तररंगातले आख्यान सहसा आधीपासून माहीत असते. हरिश्चंद्र स्मशानात जाणार, ध्रुवाला अढळपद मिळणार, यात अनपेक्षित काही नसते. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत ज्ञानेश्वरीचे पारायण होते, तेही दरवर्षी त्याच ग्रंथाचे. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत आणि वरवंड येथे दरवर्षी मुक्काम करते. वाट तीच, मुक्काम तेच, अभंगही तेच. वारकऱ्याला 'मागच्या वर्षी तर गेला होतात' असे म्हणून कोणी अडवत नाही, कारण वारी या शब्दातच पुन्हा जाणे आहे.

लोककलेतही हेच. गुढीपाडव्यानंतर चैत्र-वैशाखात शिरूर आणि दौंडच्या गावोगावी यात्रा भरतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावला त्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तेथे जाऊन सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला असतो. गवळणीत मावशी येणार आणि तिच्या बोलण्याला हशा पिकणार, हे ठरलेले असते. मावशी आली नाही तर मात्र प्रेक्षक अस्वस्थ होतील. पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला संगीतबारीची कला केंद्रे आहेत. तेथे रसिक बहुधा फर्माईश करतो ती पूर्वी ऐकलेल्या लावणीची.

नागर रंगभूमीनेही ही हौस पुरवली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. अर्जुन-सुभद्रेचा विवाह होणार हे पहिल्या प्रयोगापासून प्रत्येकाला माहीत होते. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पाहत राहिले. संगीत नाटकाच्या काळात एखादे पद आवडले की प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर'ची मागणी होई आणि नायक-नायिका कथा थांबवून ते पद पुन्हा गात. कथेचा वेग, प्रसंगाचा ताण, सारे बाजूला ठेवून प्रेक्षक पुनरावृत्ती मागत होता आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नव्हते. आज मोबाइलवर विनोदी कार्यक्रमातला तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहणारा तरुण त्याच प्रेक्षकाचा वारस आहे.

२०२० मध्ये यांतले बहुतेक सारे थांबले. चैत्रातल्या यात्रा रद्द झाल्या, तमाशा फडांचा हंगाम बुडाला, सप्ताहांचे मंडप उभे राहिले नाहीत. आषाढी वारीत पालख्या पायी गेल्या नाहीत. ३० जून २०२० रोजी संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. यवत आणि वरवंडचा मुक्काम त्या वर्षी झाला नाही. परिचित गोष्टी पुनःपुन्हा अनुभवण्याचे सार्वजनिक मार्ग बंद झाले, त्या वर्षी जुन्या मालिकांना असा प्रतिसाद मिळावा, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

मनाला काय मिळते?

परिचयाने आवड वाढते, ही बाब अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवली. अर्थहीन शब्द, अनोळखी लिपीतील चिन्हांसारख्या आकृती आणि अपरिचित चेहरे लोकांना कमी-अधिक वेळा दाखवले असता, जे अधिक वेळा दिसले ते अधिक आवडले. ओळखीची गोष्ट समजून घ्यायला मेंदूला कमी श्रम पडतात आणि हा सोपेपणाच सुखद वाटतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. नवी मालिका पाहताना पात्रांची नावे, नाती, त्यांचे हेतू हे सारे लक्षात ठेवावे लागते. पाहिलेल्या मालिकेत हे काम आधीच झालेले असते.

शेवट कळला की गोडी जाते, हा समजही तपासला गेला आहे. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने अधिक आवडल्या. रहस्यकथांच्या बाबतीतही तसेच घडले. पुढच्या काही प्रयोगांत निष्कर्ष वेगळे आले, त्यामुळे हा नियम सर्वत्र लागू पडतो असे म्हणता येत नाही. मात्र शेवट माहीत असणे म्हणजे आनंद संपणे नव्हे, एवढे त्यातून दिसते. 'पुढे काय' हा प्रश्न सुटला की लक्ष 'कसे' याकडे वळते. नटाची नजर, संवादातला विराम, मागे उभ्या असलेल्या पात्राची प्रतिक्रिया पहिल्या वेळी निसटते आणि दुसऱ्या वेळी सापडते. शिकागो विद्यापीठातील एड ओब्रायन यांनी २०१९ मध्ये दाखवले, की पुन्हा घेतलेला अनुभव आपल्याला कंटाळवाणा होईल असे लोकांना आधी जितके वाटते, तितका तो प्रत्यक्षात होत नाही.

थकवा आणि परिचित मालिका यांच्या संबंधावर जे डेरिक यांचा २०१३ मधील अभ्यास बराच उल्लेखिला जातो. मनावर ताबा ठेवावा लागेल असे काम केल्यानंतर लोक आवडत्या, आधी पाहिलेल्या मालिकेकडे अधिक वळतात आणि त्यानंतर त्यांना ताजेतवाने वाटते, असे त्यांना आढळले. समोर जे लागले असेल ते पाहिल्याने हा परिणाम दिसला नाही. मनोनिग्रहाची शक्ती वापराने खर्च होते, या ज्या कल्पनेवर हा अभ्यास उभा आहे, तिच्यावर मात्र त्यानंतर मोठे प्रश्नचिन्ह लागले. २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत त्या कल्पनेला फारसा आधार मिळाला नाही. म्हणून हा निष्कर्ष अंतिम न मानता दिशादर्शक मानणे योग्य ठरेल.

रोजच्या जगण्यात मात्र त्याचा प्रत्यय घेणे अवघड नाही. रांजणगावची औद्योगिक वसाहत शिरूर तालुक्यात आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात आज मोटारींपासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत अनेक वस्तू तयार होतात. पाळीत काम करणाऱ्या माणसाची झोप आणि जेवण यांच्या वेळा आठवड्यागणिक बदलतात. दौंडहून पुण्याला रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्यांचा दिवस पहाटे सुरू होतो आणि रात्री उशिरा संपतो. अशा माणसाने घरी येऊन वीस मिनिटांचा पाहिलेला भाग लावला, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. तेवढा वेळ त्याला काही ठरवायचे नसते, काही लक्षात ठेवायचे नसते आणि मधेच डोळा लागला तरी काही चुकणार नसते.

मालिका तीच, पाहणारा वेगळा

क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी २३ जणांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. तीच पुस्तके वाचणारी, तेच चित्रपट पाहणारी, त्याच ठिकाणी पुन्हा जाणारी ही माणसे होती. त्यांच्या सांगण्यातून असे दिसले, की माणूस जुनी गोष्ट पुन्हा अनुभवताना केवळ भूतकाळात जात नाही. मधल्या काळात आपण स्वतः किती बदललो, हेही तो त्या गोष्टीशी ताडून पाहतो.

मराठी घरांत याचे चांगले उदाहरण म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारित आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ मध्ये तेव्हाच्या 'अल्फा मराठी' वाहिनीवर सुरू झाली. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे, एवढ्या मध्यमवर्गीय घरातल्या लहानसहान घटना हाच तिचा विषय. ज्याने ती शिऱ्याच्या वयात पाहिली, तो आज शेखरच्या वयात आहे. तेव्हा त्याला आबांच्या खोड्यांची गंमत वाटली असेल. आता त्याच भागात शेखरची ओढाताण दिसते. ज्याने तेव्हा शेखरच्या वयात पाहिली, त्याला आता आबांचे एकटेपण कळते. मालिकेतला एकही शब्द बदललेला नाही.

ओळखीच्या पात्रांशी जडणारे नातेही अभ्यासकांनी बरेच आधी टिपले. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहिले, की पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाची एकतर्फी जवळीक निर्माण होते. प्रेक्षक तिला ओळखतो, ती त्याला ओळखत नाही. २००९ मधील एका अभ्यासात असे आढळले, की एकटेपणा वाटत असताना लोक आवडत्या मालिकेकडे वळतात आणि तिच्या आठवणीनेही आपण कोणाचे तरी आहोत ही भावना काही प्रमाणात जागी होते. मुले पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेल्या वृद्ध दांपत्याच्या घरी दुपारभर जुनी मालिका लागलेली असते, तेव्हा ती पाहिली जातेच असे नाही. स्वयंपाकघरात काम चालू असते आणि बाहेरच्या खोलीतून ओळखीचे आवाज येत असतात. घर बोलते राहते. पूर्वी हे काम रेडिओ करीत असे.

लहान मुलांची 'तीच गोष्ट पुन्हा सांग' ही मागणीही याच कुळातली आहे. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा तीच गोष्ट पुनःपुन्हा ऐकणारी मुले तिच्यातले नवे शब्द अधिक चांगले शिकली. आजीला मूल चुकलेला शब्द दुरुस्त करायला लावते, ते हट्टापोटी नव्हे. जग कालच्यासारखेच आहे ना, याची ते खात्री करून घेत असते.

विसावा आणि पळवाट

या सवयीला मर्यादा नाहीत असे नव्हे. परिचयाने वाढणारी आवड एका टप्प्यानंतर ओसरते. एखादा भाग फार कमी अंतराने फार वेळा पाहिला, तर विनोद निष्प्राण होतो. यात्रा वर्षातून एकदा येते आणि वारीही. परंपरेने पुनरावृत्तीच्या मधे अंतर ठेवले आहे. इंटरनेटवरील मालिका हे अंतर पुसून टाकते. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दिवसाच्या शेवटी घेतलेला विसावा आणि दिवसालाच टाळण्यासाठी शोधलेली पळवाट यांत फरक आहे. मालिका बंद केल्यावर माणूस आपल्या कामाकडे, माणसांकडे थोडा हलका होऊन परतत असेल, तर तो विसावा होय. झोप तुटू लागली, घरच्यांशी बोलणे नकोसे झाले, पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत मन लागेनासे झाले आणि केवळ पडदाच सुसह्य वाटू लागला, तर ती नैराश्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दोष मालिकेला देऊन उपयोग नाही. डॉक्टरांचा सल्ला घेणेच योग्य.

तिसरी मर्यादा एकटेपणाची. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्याच्या परिसरात दिसू लागले. त्या काळात आणि नंतर १९८७ च्या 'रामायणा'च्या वेळीही खेड्यात दूरचित्रवाणी संच मोजकेच असत. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर आळी जमत असे. २०२० मध्ये तेच 'रामायण' प्रत्येकाने आपापल्या घरात पाहिले. पण निदान घरातले सगळे एकत्र होते आणि वेळ ठरलेली होती. आजी कथा आधीच सांगून टाकत होती आणि नातवाला त्याचा राग येत नव्हता. मोबाइलवर प्रत्येक जण आपली मालिका आपल्या कानात ऐकतो. खात्री उरते, सोबत उरत नाही. कीर्तन, तमाशा आणि वारी यांत मात्र परिचित गोष्ट आणि परिचित माणसे या दोन्ही एकत्र मिळतात. पडद्यावरचे पारायण ही उणीव भरून काढू शकलेले नाही.

जपले तरच पुन्हा पाहता येईल

पुन्हा पाहण्यासाठी मालिका शिल्लक असावी लागते. चित्रफिती महाग असताना त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांत होती. बीबीसीसारख्या संस्थेने १९६० च्या दशकातील 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे भाग अशाच रीतीने गमावले. त्यांतील नव्वदहून अधिक भाग अद्याप सापडलेले नाहीत. कार्यक्रम एकदा दाखवला की त्याचे काम संपले, अशी तेव्हाची समजूत होती. तो पुन्हा पाहावासा वाटेल, ही शक्यता कोणी गृहीत धरली नव्हती.

परिस्थिती आता काही अंशी सुधारली आहे. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील बरेच जुने कार्यक्रम इंटरनेटवर खुले केले आहेत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'वेव्हज' या सेवेवर जुन्या मालिकाही उपलब्ध करून दिल्या आहेत. खासगी कंपन्यांच्या सेवांवर मात्र मालिका हक्कांच्या करारानुसार येतात आणि जातात. आज जी मालिका केव्हाही लावता येते, ती उद्या यादीतून नाहीशी झालेली असू शकते. मासिक वर्गणी भरून मिळतो तो पाहण्याचा परवाना. मालिका घरात येत नाही. ज्ञानेश्वरीची पोथी कपाटात असते आणि पारायणासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. पडद्यावरच्या कथांना अद्याप ही शाश्वती लाभलेली नाही.

मालिकांना करमणूक म्हणून दुय्यम लेखण्याची आपली सवय आहे आणि पाहिलेलीच मालिका पुन्हा पाहणे तर वेळेचा अपव्ययच मानले जाते. मार्च २०२० नंतरच्या महिन्यांनी हा हिशेब थोडा बदलून दाखवला. यात्रा भरली नाही, पालखी मुक्कामी आली नाही, दौंडहून रोजच्या प्रवाशांची गाडी सुटली नाही, त्या दिवसांत ठरलेल्या वेळी ठरलेली कथा सुरू होत राहिली आणि अपेक्षेप्रमाणेच पुढे जात राहिली. पुढे यात्रा पुन्हा भरू लागल्या. २०२२ च्या आषाढात पालख्या पुन्हा पायी निघाल्या आणि यवत, वरवंडला मुक्कामी आल्या. आता तेथे दर आषाढात तेच अभंग, त्याच वाटेवर, शेजाऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून म्हटले जातात.